साधं वाईट वाटणं

कोकिळाबाई, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईबाबांनंतर लगेच तुमचं नाव येतं. आणि आईबाबा मला परत मिळाले तेही तुमच्यामुळे, म्हणून खरं तर तुमचंच नाव आधी घ्यायला हवं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "क्रम लावूं नको, कन्ना, बाळा, ही शाळा नव्हे." पण मी शाळेतूनच आलेला माणूस आहे. जिंतूरच्या ज्या शाळेत मी शिकलो तिथं शिकवणाऱ्या प्रत्येक स्त्रीला बाई म्हणत. चेन्नईत सगळे तुम्हाला मॅडम किंवा अम्मा म्हणायचे. माझ्या तोंडून पहिल्याच दिवशी बाई निघालं. तुम्ही चमकून वर पाहिलंत आणि म्हणालात, "तंजावरला माझ्या आजीला सगळे बाई म्हणत. मला आजवर कोणी म्हटलें नव्हतें."

सेल्वीचा फोन आला तेव्हा मी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात, ताट हातात घेऊन जेवणाच्या रांगेत उभा होतो. सेल्वी म्हणजे तुमच्या दवाखान्याचा आवाज. वेळा देणारी, फोन घेणारी, जिन्यात कुणी रडत बसलं तर तुमच्याही आधी पाणी नेणारी. "अम्मा गेल्या," एवढंच ती तमिळमध्ये म्हणाली. मी ताट परत ठेवलं आणि अड्यारला आलो.

तुमच्या घराच्या पायऱ्यांवर जे लोक उभे होते, ते तुम्ही पाहायला हवे होते. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आमचा एक न सांगितलेला नियम होता. कुणी कुणाकडे पाहायचं नाही. सगळे फोनमध्ये तोंड घालून बसायचे, आणि दार उघडलं की जो आत जाईल त्याच्या चपला तेवढ्या दिसायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही मान वर करून एकमेकांना पाहिलं. केसांत मोगरा माळलेली एक उंच बाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही मंगळवारचे ना? निळ्या चपला?" मी हो म्हटलं. "मी गुरुवारची. मधे एकदा मंगळवारी तुमच्यानंतरची वेळ मला दिली होती." मग आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. तिनं डोळे पुसले, मीही पुसले. नावं विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

बाई, मी तुमच्याकडे आलो तो परीक्षेला बसायला. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण आज तो दिवस मला पुन्हा एकदा तुमच्यासमोर मांडायचा आहे.

जन्माला आलो तेव्हा घरच्यांनी मला मुलगी म्हणून वाढवायला घेतलं. मी मुलगा आहे, हे मला कळायला वेळ लागला आणि सांगायला त्याहून जास्त. नोकरी लागून पेरुंगुडीत खोली घेतली, पगार हातात आला, तेव्हा ठरवलं की आता शरीराचंही मार्गी लावायचं. संप्रेरकांची औषधं सुरू करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी मानसशास्त्रज्ञाचं सर्टिफिकेट आणा. आमच्यासारख्या मुलांचा फोनवर एक ग्रुप होता. तिथं या मुलाखतीची तयारी करून घेतली जायची, जशी आमच्या गावात दहावीची गाइडवर करून घेतात. कोण काय विचारतं, त्यावर काय बोलायचं, काय गाळायचं. लहानपणापासून फ्रॉकचा तिटकारा होता असं सांगायचं. एकदाही शंका आली नाही असं सांगायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उदास असतो हे चुकूनही बोलायचं नाही. बोललात तर म्हणतात, आधी ते बरं करा, मग पाहू. आणि ते 'मग' कधी उगवत नाही.

मी सगळं पाठ केलं. पाठांतरात मी कधी मागे नव्हतो. घरातला पहिला पदवीधर मी, तो पाठांतराच्याच जिवावर.

"तुला काय हाक मारूं?" तुम्ही पहिला प्रश्न विचारलात. तुम्ही विचारते म्हणायचा नाहीत, 'पुसतें' म्हणायचात. ते तंजावरचं जुनं मराठी ऐकायलाच मला मजा वाटायची. मी संकेत म्हटलं. तुम्ही कागदावर संकेत लिहिलंत. त्यानंतर मी फ्रॉकची गोष्ट सांगितली. हिरवा फ्रॉक, मामाने आणलेला, मी रडून रडून तो विहिरीत टाकला. तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग ती हो-नाहीच्या प्रश्नांची लांबलचक चाचणी दिलीत. मी ती खिडकीजवळ बसून मन लावून सोडवली, आणि पेपर सोपा गेला अशा आनंदात घरी गेलो.

पुढच्या मंगळवारी तुम्ही ती चाचणी टेबलावर ठेवलीत आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत.

"या कागदाप्रमाणें तुला कधी राग येत नाही. झोप उत्तम. कोणाबद्दल वाईट विचार नाही. असला माणूस मी अजून पाहिला नाही, कन्ना. सांपडला असता तर त्याजकडे मीच गेले असते, दर आठवड्याला."

मी टेबलावरचा कागद उलटा ठेवला.

"आणि तो हिरवा फ्रॉक. गेल्या महिन्यात मदुरैच्या एका मुलाने हाच फ्रॉक विहिरीत टाकला. त्याच्याआधी वेल्लोरच्या एकाने. एवढे फ्रॉक पडले तर त्या विहिरीचें पाणी कोण पिणार? तुझ्या गावीं विहीर होती?"

"नाही बाई. नळ होता. दिवसाआड यायचा."

"आणि फ्रॉक?"

मला अजून तो क्षण आठवतो. खाली रस्त्यावरून इडलीचं पीठ विकणारा ओरडत चालला होता. मी म्हटलं, "फ्रॉक होता. पिवळा. मला आवडायचा."

"कां?"

"त्याला खिसे होते."

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की सेल्वीनं दार उघडून आत पाहिलं. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागलो. मला वाटलं, झालं, आता मी नापास. ज्या मुलाला फ्रॉक आवडायचा, त्याला कोण मुलगा म्हणणार? तुम्ही रुमाल पुढे केलात. मग म्हणालात, "खिशांत काय ठेवायचास?"

बाई, हा प्रश्न मला जगात दुसऱ्या कुणीही विचारला नसता. गोट्या, खडू, एकदा जिवंत बेडूक. मी सांगत गेलो आणि त्या बेडकाच्या मागोमाग सगळंच बाहेर आलं. सकाळी जाग आली की पहिला विचार हाच यायचा, की आज जाग आली नसती तर बरं झालं असतं. ऑफिसात दिवसभर पाणी पीत नव्हतो, कारण पाणी प्यायलं की स्वच्छतागृह, आणि स्वच्छतागृह म्हटलं की कुठल्या दारातून जायचं हा प्रश्न. आईचा फोन आला की वाजू द्यायचो, कारण ती मला ज्या नावानं हाक मारायची ते ऐकलं की उरलेला दिवस जायचा. हे मी ग्रुपवरही कधी बोललो नव्हतो. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "आता मिळणार नाही ना?"

"काय?"

"सर्टिफिकेट."

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "साखर असलेल्या माणसाचा पाय मोडला, तर प्लास्टर घालत नाहीत का? घालतात. साखरही पाहतात. दोन्ही पाहतात." मग तुम्ही आडवळण न घेता विचारलंत, जीव द्यायचा विचार मनात येतो का, काही ठरवलं आहे का, खोलीत सोबत कोण राहतं. इतक्या सरळ विचारलंत की मला खोटं बोलताच आलं नाही. त्याच आठवड्यात तुम्ही मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलंत. गोळ्या सुरू झाल्या. सेल्वीनं तिचा स्वतःचा नंबर माझ्या फोनमध्ये घातला आणि धाकट्या भावाला बजावावं तसं बजावलं, "तंबी, जड वाटलं की लगेच फोन. सभ्यपणा नको."

त्यानंतरचे मंगळवार हे माझं खरं शिक्षण. मी मोठा होईपर्यंत माझ्याबद्दल जे जे म्हटलं गेलं होतं ते सगळं मी तुमच्यासमोर ओतलं. घुमा आहे, संशयी आहे, लोकांत मिसळत नाही, नको तेवढा नीटनेटका आहे. मी विचारलं, आमच्यासारख्यांचा स्वभावच असा असतो का? पुस्तकांत तसं लिहिलंय का? तुम्ही म्हणालात, पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलें असतें, पण लिहिणारा त्या माणसाला बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट दिवशीं भेटलेला असतो. मग माझ्या खुर्चीकडे बोट दाखवलंत.

"आलास त्या दिवसापासून तू हीच खुर्ची घेतोस. कां?"

मी पाहिलं. तिथून दार दिसायचं.

"हा स्वभाव नव्हे. ही पहाऱ्यावरच्या माणसाची सवय. वर्षानुवर्षें पहारा दिलास, कोण काय म्हणेल, कोण कोठून येईल. असल्या माणसाला घुमा म्हणणें म्हणजे रात्रपाळीच्या वॉचमनला झोपाळू म्हणणें."

"आणि नापास होण्याची भीती? तीही सवयच?"

"ती तुझ्या घरची. तुझ्या बाबांनी जिनिंगमध्ये पाठीवर कापसाच्या गाठी वाहिल्या, म्हणून तू शिकलास. असल्या घरचें कोणतेंही लेकरूं, मुलगा असो वा मुलगी, नापास व्हायला भितें. तिचा दोष या शरीराला देऊं नको. प्रत्येक गोष्ट त्या एकाच खुंटीला टांगशील तर खुंटी निघून येईल."

स्वतःकडे असं सुटं सुटं करून पाहायला मी तिथं शिकलो. ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. एकाच चुकीमुळे दहा ठिकाणी बिघाड दिसतो, आणि कधी दहा वेगवेगळ्या चुका एकाच ठिकाणी उमटतात. त्या वेगळ्या करणं हाच माझा धंदा. पण स्वतःच्या बाबतीत हे कधी सुचलं नव्हतं. उदासी वेगळी, पहारा वेगळा, घरची भीती वेगळी, आणि मी मुलगा असणं वेगळं. त्यातलं शेवटचं हा बिघाड नव्हताच. गोळ्यांनी उदासी उतरली तेव्हा मला एक धास्ती होती, की तिच्याबरोबर मुलगा असणंही विरून गेलं तर? तसं झालं नाही. उलट धुरळा खाली बसल्यावर रस्ता दिसावा, तसं ते आणखी स्पष्ट झालं.

आपलं एक भांडण मात्र राहून गेलं. तुम्ही सर्टिफिकेट दिलंत त्या दिवशी मी ते तिथंच वाचलं. त्यात माझ्या उदासीचा उल्लेख होता, गोळ्यांचाही. आणि खाली तुम्ही लिहिलं होतं की हा निर्णय या व्यक्तीने स्वस्थ मनाने आणि पूर्ण समजून घेतला आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाखाली एक. वाचून झाल्यावर आभार मानायचे सोडून मी भांडायला लागलो.

"बाई, लग्न करणाऱ्याला कुणी विचारतं का, तुझं मन ठिकाणावर आहे का म्हणून? मूल होऊ देणाऱ्याला? मलाच का लागतो हा कागद?"

"विचारायला हवें," तुम्ही म्हणालात. "निम्मी लग्नें वाचतील."

"थट्टा नको. मी कोण आहे हे तुम्ही का ठरवायचं?"

"मी ठरवलें नाही. तू ठरवलेंस. मी फक्त लिहिलें, की ठरवणारा शुद्धीवर होता."

"पण ते लिहायची वेळ का यावी?"

तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत. "तुझें बरोबर असेल. पण कागद नसता, तर तू इथें आलाच नसतास. आणि तो बेडूक मला कोणी सांगितला असता?"

पटलं नाही, असं मी म्हटलं. तुम्ही "सेरी, बरें, पुढच्या मंगळवारी," म्हणालात. पुढच्या कितीतरी मंगळवारी आपण तिथूनच सुरुवात केली. मला अजूनही वाटतं, बाई, की तुमची बाजू लंगडी होती. कागदासाठी आलेल्या माणसाला आधार मिळाला, म्हणून कागद योग्य ठरत नाही. पावसामुळे आडोशाला आलेल्याला तिथं मित्र भेटला, म्हणून कुणी पावसाचे आभार मानत नाही. हे उत्तर मला परवा सुचलं. तुम्हाला आवडलं असतं. मग तुम्ही त्यावर काहीतरी बोलला असता. ते काय असतं, याचा मी रोज अंदाज करतो.

आणि आईचा दिवस. औषधांनी माझा आवाज बदलत गेला, तसतसा मी फोनवर सर्दीचं कारण सांगत गेलो. शेवटी आई म्हणाली, "बास कर आता. एवढी सर्दी म्हशीला बी होत नाही. मी येऊन बघते." आणि ती खरंच आली, रेल्वेनं, एकटी, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीची जुडी घेऊन. स्टेशनवर तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या दाढीला हात लावला आणि मेथीची जुडी माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी, मी परवानगी दिल्यावर, तुम्ही तिला आत बोलावलंत.

"बाई, खरं सांगा," आई म्हणाली. "येड लागलंय का माझ्या लेकराला?"

"नाही. डोकें ठीक आहे. फार चालतें, एवढेंच."

"ते लहानपणापासूनच. मग हे असं का झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही चुकलें. फ्रॉकला खिसे तुम्हीच शिवले होते ना?"

आई गोंधळली. "शिवले. सारखं मागायचं. पोरींच्या कपड्याला खिसे नसतात म्हणलं, तर ऐकंना."

"तुम्ही ऐकलेंत. तेव्हांच ऐकलें होतेंत."

आई पदराशी चाळा करत बसली. तुम्ही तिला कॉफी दिलीत आणि वाटी-पेल्यातून ती वरून खाली ओतून थंड कशी करायची ते दाखवलंत. तिची साडीवर सांडली. त्या सांडण्यावर तुम्ही दोघी हसलात, आणि मला कळलं की आता काही वाईट होणार नाही. परत येताना रिक्षात आई म्हणाली, "संकेत हे नाव कुणी ठेवलं?" मी म्हटलं, मीच. "चांगलं आहे. पण मला विचारायचं तरी."

आपण शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही थोड्या थकलेल्या दिसलात. मी विचारलं नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाहीत; तुमच्या खुर्चीत बसणाऱ्यानं आपलं दुखणं सांगायचं नसतं, असा तुमचा नियम असावा. तुम्ही म्हणालात, "आतां तुला मंगळवारची गरज नाही. पण एक काम देतें. तुला दर वेळी वाईट वाटलें कीं तू त्याचें कारण याच एका गोष्टीत शोधतोस. ज्या दिवशीं तुला साधें वाईट वाटेल, कोणालाही वाटतें तसलें, त्या दिवशीं मला पत्र लिही. फोन नको. पत्र."

मला वाटलं, हे सगळ्यात सोपं काम आहे. पण मला पुष्कळ वाट पाहावी लागली. मग एक दिवस तसं वाटलं, आणि मी पत्र टाकलं.

सेल्वी त्या दिवशी पायऱ्यांवर मला म्हणाली की ते पोचलं होतं. तुम्ही पलंगावर होतात, तिलाच ते फोडायला सांगितलंत. मराठी अक्षरं तिला येत नाहीत, म्हणून मग तुम्हीच चष्मा मागवून तिला मोठ्यानं वाचून दाखवलंत, ओळीओळीला तमिळमध्ये सांगत. शेवटच्या ओळीला हसलात. आणि म्हणालात, "याची फाईल वरच्या कपाटांत ठेव." वरच्या कपाटात कुणाच्या फाइली जातात, हे आम्हा मंगळवारवाल्यांना माहीत आहे. ज्यांना पुन्हा यायचं नसतं त्यांच्या.

हे ते पत्र.

ती. कोकिळाबाई यांस,

सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलेलं काम झालं असं वाटतं, म्हणून लिहितो आहे.

आई पुन्हा राहायला आली होती, ती काल सकाळच्या गाडीनं गावी गेली. तिला बसवून मी घरी आलो, आंघोळ केली, दूध तापत ठेवलं आणि बाल्कनीत उभा राहिलो. दूध उतू गेलं. ते पुसताना एकदम फार वाईट वाटायला लागलं. मी खाली बसलो.

सवयीप्रमाणे आधी कारण शोधलं. आज कुणी चुकीच्या नावानं हाक मारली का? नाही. आवाजावरून कुणी वळून पाहिलं का? नाही. स्टेशनवरचा हमाल मला अण्णा म्हणाला. आरशात पाहिलं, ठीक होतो. गोळी वेळेवर घेतली होती. ऑफिसात कुठली चूक निघालेली नाही. सगळीकडे पाहून झालं तरी वाईट वाटतच होतं.

मग फ्रिज उघडला तर आईनं निवडून ठेवलेली मेथी दिसली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, निम्मीच निवडलेली. गाडीची वेळ झाली म्हणून राहिली असेल. ती पाहून मला रडू आलं. बाई, कारण एवढंच होतं. आई होती, आणि आता घरात नाही. पेरुंगुडीत भाड्यानं राहणाऱ्या कुठल्याही मुलाला वाटतं तेवढंच.

तुम्ही पुसाल, मग काय केलेंस?

थोडा वेळ तसाच बसलो. पाणी प्यायलो, दोन पेले. मग भूक लागली. उरलेली मेथी निवडली आणि भाजी केली.

मीठ जास्त पडलं. तरी सगळी खाल्ली.

तुमचा,
संकेत